तुकड्याने साडेदहा टन पेलले, मग चार खांबांचा माळा दीड टनाच्या आतच का कलंडला?

तापीकाठचा फॅब्रिकेटर

नमस्कार. जळगाव जिल्ह्यात माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी सुरू झाली, की घडाच्या फण्या वेगळ्या करणे, तुरटीच्या पाण्यात त्यांचा चीक धुणे आणि खोक्यांत भरणे ही कामे बऱ्याच ठिकाणी बांधावरच उरकली जातात. त्यासाठी उभारलेली शेड एका शेतातून दुसऱ्या शेतात हलवावी लागते. लोखंडी शेड जड पडते, शिवाय टाकीचे पाणी सतत उडत असल्याने तिचे खांब बुडाशी गंजतात. म्हणून पिकअपमध्ये घालून नेता येईल अशी अ‍ॅल्युमिनियमची शेड करायला घेतली. वर एक छोटा माळा असून त्यावर पुठ्ठ्याची रिकामी खोकी आणि क्रेट ठेवायचे आहेत. माळ्यावरचे वजन जास्तीत जास्त दोन टन धरले आहे.

खांबासाठी ५० × ५० मिमीची, ३ मिमी जाडीची ६०६३-टी६ (अ‍ॅल्युमिनियमचा उष्णतेच्या संस्काराने कडक केलेला मिश्रधातू) चौकोनी नळी घेतली असून खांबाची उंची ३ मीटर आहे. काम सुरू करण्याआधी या नळीचा ३०० मिमीचा तुकडा एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत यूटीएम मशीनवर (नमुना दाबून किंवा ताणून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) दाबून घेतला. तुकडा १०४ किलोन्यूटनला, म्हणजे सुमारे साडेदहा टनांना बसला. चार खांबांचे मिळून चाळीस टन होतात आणि आपल्याला पेलायचे दोनच टन, असा हिशेब करून मी निर्धास्त झालो.

नंतर वर्कशॉपच्या आवारात नमुना उभा केला. प्रत्येक खांबाच्या बुडाला आर्गन वेल्डिंगने पट्टी जोडून ती काँक्रीटवर चार बोल्टांनी आवळली. वरच्या टोकाला प्रत्येक खांब तुळईशी एकेका बोल्टने जोडला. माळ्यावर ५० किलोच्या वाळूच्या गोण्या एकेक करून चढवल्या. विसाव्या गोणीनंतर माळा किंचित एका बाजूला सरकल्यासारखा वाटला, पण आम्ही त्याकडे लक्ष दिले नाही. सव्विसावी गोणी ठेवली आणि अख्खा माळा सावकाश पूर्वेकडे झुकत गेला. वर चढलेला मुलगा वेळेवर उडी मारून बाजूला झाला, म्हणून कोणाला लागले नाही. चारही खांब बुडाशी, वेल्डच्या वर साधारण दोन बोटांवर, मुडपलेले सापडले. वरचा सगळा भाग जवळजवळ सरळच होता.

माळ्याचे स्वतःचे वजन १२० किलोच्या आसपास धरले तरी एकूण भार १,४२० किलोच होतो. चाळीस टन कुठे आणि हे कुठे? नळीत खोट आहे, वेल्डिंग कच्चे आहे, की चाचणीच चुकली? खांबाची ताकद तपासण्याची योग्य रीत कोणती, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

प्रयोगशाळेतला जुना माणूस

सर्वप्रथम, मुलगा वाचला याचे समाधान वाटते. यापुढे वाळूच्या गोण्यांनी अशी चाचणी घेऊ नका, ही विनंती. गोणीचा भार खांब वाकू लागला तरी कमी होत नाही. तो तसाच बसून राहतो आणि वाकलेल्या खांबाला शेवटपर्यंत खाली नेतो. हायड्रॉलिक जॅकचे तसे नसते. खांब आखडला, की जॅकचा दाबही लगेच उतरतो आणि पंप थांबवला की सगळे जागच्या जागी राहते. प्रयोगशाळेत आम्ही नमुन्याभोवती साखळी किंवा जाळी लावल्याशिवाय पंपाला हात लावत नसू.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या नळीत खोट असल्याचे मला दिसत नाही आणि यूटीएमवरचा आकडाही चुकीचा नाही. ३०० मिमीचा तुकडा हा ज्याला आखूड स्तंभ म्हणतात त्याचाच नमुना आहे. तो नळीच्या रुंदीच्या तिपटीपेक्षा लांब असावा, पण संपूर्ण खांबासारखा बाजूला वाकण्याइतका लांब नसावा, हे पथ्य तुमच्या तुकड्याने पाळले होते. नळीचे क्षेत्रफळ ५६४ चौरस मिमी भरते. १०४ किलोन्यूटनला त्याने भागले, तर १८४ न्यूटन प्रति चौरस मिमी येतात. ६०६३-टी६ ची किमान प्रूफ स्ट्रेस, म्हणजे ज्या ताणाला धातूचा आकार कायमचा बदलू लागतो तो आकडा, १७० च्या आसपास मानतात, तेव्हा धातू चांगलाच आहे. मात्र त्या चाचणीने धातूची आणि नळीच्या भिंतींची परीक्षा झाली. खांबाची झालीच नाही.

उंच खांब चिरडून मोडत नाही, तो बाजूला वाकून मोडतो. यालाच आपण बकलिंग म्हणतो. त्याचे सूत्र ऑयलरने १७४४ मध्येच मांडले. त्यात धातू किती ताण सोसतो हा आकडा कुठेच येत नाही. येतो तो यंगचा गुणांक (धातूचा ताठपणा), छेदाचा जडत्व आघूर्ण (नळीच्या आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध) आणि लांबीचा वर्ग. पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिमी असतो, तर अ‍ॅल्युमिनियमचा ७०,०००, म्हणजे जेमतेम एक-तृतीयांश. तुमच्या नळीचा जडत्व आघूर्ण सुमारे २,०८,५०० मिमीचा चतुर्थ घात इतका आहे. दोन्ही टोके बिजागरीसारखी फिरू शकतात, पण बाजूला सरकू शकत नाहीत असे धरले, तर ३ मीटर लांबीला क्रांतिक भार, म्हणजे ज्याला खांब बाजूला वाकून जातो तो भार, १६ किलोन्यूटन येतो. त्याच मापाची लोखंडी नळी ४५ किलोन्यूटनच्या पुढे जाईल. तुमची नळी साधारण सव्वा मीटरपर्यंत आखूड असेल, तर धातूची ताकद कामी येते. त्यापुढे लांबी वाढत जाईल तसा धातू मागे पडतो आणि लांबी व टोकांची जोडणी याच गोष्टी निकाल ठरवतात.

पण तुमचे खांब सोळा किलोन्यूटनच्या कितीतरी आधी गेले. याचे कारण तुमच्याच वर्णनात आहे. बूड बोल्टांनी पक्के होते, वर एकेकच बोल्ट होता, आणि कर्णबंधांचा, म्हणजे खांबांमधल्या तिरप्या आधारांचा, तुम्ही उल्लेख केलेला नाही. ते नव्हतेच असे धरून पुढचे लिहितो. अशा वेळी माळा चारही खांबांना घेऊन एका बाजूला सरकू शकतो. खाली घट्ट रोवलेल्या आणि वर मोकळ्या सोडलेल्या काठीसारखा प्रत्येक खांब वागतो आणि त्याची परिणामकारक (म्हणजे सूत्रात धरायची) लांबी दुप्पट, म्हणजे ६ मीटर होते. भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने सोळाचे चारच किलोन्यूटन उरतात. चार खांबांचे मिळून सोळा किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १,६३० किलो. तुमचा माळा १,४२० किलोंना गेला. खांब थोडे वाकडे असणे, ओळंब्यात किंचित फरक असणे आणि गोण्या एका बाजूला जास्त पडणे हे सगळे धरले, तर हिशेब आणि प्रत्यक्ष यांचा मेळ उत्तम बसतो. विसाव्या गोणीला माळा सरकल्यासारखा वाटला, ती खांबांनी दिलेली पूर्वसूचना होती.

खांबाची चाचणी घ्यायची असेल तर तो पूर्ण लांबीचा घ्यावा. तो प्रत्यक्षात जसा जोडला जाणार आहे तशीच त्याची टोके ठेवावीत, नाहीतर दोन्ही टोकांना गोलाकार बैठक किंवा सुरीच्या धारेसारखा आधार (ज्यावर टोके मोकळी फिरतात) देऊन टोकांची स्थिती नि:संशय करावी. नळीची सपाट टोके नुसती मशीनच्या दोन पाटांमध्ये धरली, तर टोके फिरत नाहीत, परिणामकारक लांबी निम्म्यावर येते आणि भार चौपटीपर्यंत फुगलेला दिसतो. असा आकडा हातात घेऊन शेड उभारणे धोक्याचे आहे. चाचणीआधी बारीक दोरी ताणून खांबाचा मूळचा बाक मोजावा आणि जाडी व्हर्नियरने चारही बाजूंनी तपासावी. मग मध्यावर एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन दिशांना डायल गेज (बारीक सरक मोजणारे काट्याचे मापक) लावून दर टप्प्याला भार आणि बाक यांची नोंद करावी.

खांब मोडण्याचीही गरज नाही. साउथवेलने १९३२ मध्ये दाखवलेली पद्धत अशी आहे, की प्रत्येक नोंदीत बाकाला भाराने भागावे आणि तो भागाकार उभ्या अक्षावर व बाक आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढावा. बिंदू सरळ रेषेत येतात आणि त्या रेषेच्या उताराचा व्यस्त म्हणजे क्रांतिक भार. रेषा मागे वाढवली, तर खांबाचा मूळचा बाकही तिच्यावरून कळतो. अट इतकीच, की भार पुरेसा वाढवलेला असावा. अगदी सुरुवातीच्या नोंदींवर विसंबता येत नाही.

सेक्शनवाला, धुळे

माझा अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा व्यवसाय असल्याने माझ्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. टी६ म्हणून घेतलेला माल खरोखर टी६ आहे की टी५, हे बिलावरून कळत नाही. टी५ ची किमान प्रूफ स्ट्रेस ११० च्या आसपास, म्हणजे बरीच कमी असते. वेबस्टरचे हातात धरायचे कडकपणामापक मिळते. ते पक्कडीसारखे नळीच्या भिंतीवर दाबले, की काटा आकडा दाखवतो आणि संशयास्पद नळी जागेवरच वेगळी काढता येते. खात्री करायची असल्यास नळीच्या भिंतीतून लांबीच्या दिशेने पट्टी कापून तिची ताणचाचणी करून घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा ठळक यील्ड पॉइंट (धातू एकदम सैल पडून ताणू लागतो तो बिंदू) नसतो, म्हणून ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेसचाच आकडा मागावा.

माझा सल्ला असा, की भाऊंनी ६०६१-टी६ नळी वापरावी. तिची प्रूफ स्ट्रेस २४० असते, त्यामुळे खांब आपोआपच जास्त भार पेलतील. दर थोडा चढा आहे, पण हा प्रश्न कायमचा मिटेल.

भुसावळची स्ट्रक्चरल इंजिनिअर

मालाची तपासणी कशी करावी हे सेक्शनवाले दादांनी नेमके सांगितले आहे, परंतु ६०६१ च्या सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि हा गैरसमज फार ठिकाणी आढळत असल्याने स्पष्टच लिहिते. ६०६१ असो वा ६०६३, टी५ असो वा टी६, यंगचा गुणांक सगळ्यांचा जवळपास ७०,००० च आहे. ३ मीटरच्या या नळीचा स्लेंडरनेस रेशो, म्हणजे लांबीच्या मानाने खांब किती सडपातळ आहे हे सांगणारे गुणोत्तर, १५६ येतो. एवढ्या सडपातळ खांबाला जास्त ताकदीचा मिश्रधातू घेतला, तरी क्रांतिक भारात काहीच भर पडणार नाही. जास्तीचे पैसे मात्र जातील.

त्याऐवजी छेद रुंद करावा. ५० × ५० ची नळी ३ ऐवजी ५ मिमी जाडीची घेतली, तर वजन मीटरमागे १.५२ किलोवरून २.४३ किलोवर जाते आणि दोन्ही टोके बिजागरीची धरून क्रांतिक भार साडेतेवीस किलोन्यूटन होतो. तेवढ्याच वजनात, खरे तर थोड्या कमीच म्हणजे २.३३ किलोत, ७५ × ७५ × ३ मिमीची नळी येते आणि तिचा क्रांतिक भार ५७ किलोन्यूटन आहे. पिकअपमध्ये वजन तेच चढते आणि खांब दुपटीपेक्षा अधिक भार पेलतो. रुंदी वाढवताना जाडी फार उतरवू नये, एवढे सांभाळावे. दरवाजे-खिडक्यांच्या दीड मिमीच्या नळीची भिंत संपूर्ण खांब वाकण्याआधीच जागोजागी पन्हाळीसारखी दबू शकते, आणि आखूड तुकड्याची चाचणी खरी उपयोगी पडते ती हे तपासण्यासाठीच.

तरीही पहिला उपाय कर्णबंध हाच आहे. चारपैकी तीन बाजूंना तिरपे कर्णबंध द्यावेत आणि माळ्याच्या पातळीत फुलीचा बंध घालावा. चौथी बाजू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी मोकळी राहिली, तरी माळा सरकणार नाही आणि पिळवटणारही नाही. एवढ्याने तुमच्या आहे त्याच खांबांचा क्रांतिक भार चारावरून सोळा किलोन्यूटनपर्यंत जातो. माळ्याचे दोन टन चार खांबांवर सारखे वाटले गेले, तर प्रत्येकी पाच किलोन्यूटन येतात. पण क्रेट नेहमी चढणीजवळच्या कोपऱ्यात रचले जातात, म्हणून एका खांबावर मी आठ धरीन. अशा हलत्या शेडीसाठी क्रांतिक भाराच्या निम्म्याहून अधिक भार मी कोणत्याही खांबावर येऊ देणार नाही.

वेल्डच्या वर दोन बोटांवर खांब मुडपले, ही नोंद फार मोलाची आहे. टी६ ची ताकद उष्णतेच्या संस्कारातून येते आणि वेल्डिंगची उष्णता तो संस्कार पुसून टाकते. सांध्यापासून साधारण २५ मिमीपर्यंतच्या पट्ट्यात ६०६३-टी६ ची प्रूफ स्ट्रेस निम्म्याहूनही खाली येते. वेल्डर कितीही कुशल असला तरी हे टळत नाही, म्हणून वेल्डिंग कच्चे होते असे समजू नका. माळा सरकला तो लांबीमुळे आणि कर्णबंध नसल्यामुळे. पण एकदा सरकू लागल्यावर सर्वाधिक वाकवणारा जोर बुडाशी आला, आणि नेमका तोच भाग वेल्डिंगने मऊ केलेला होता. यावर उपाय म्हणजे बुडाशी वेल्ड न करता नळीत घट्ट बसणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा किंवा बाहेरून कोन-पट्ट्या लावून स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी जोडणी करणे. ओल्या काँक्रीटचा क्षार अ‍ॅल्युमिनियमला खातो, म्हणून पट्टीखाली डांबरी रंगाचा थर असावा. आपल्याकडे फवारणीला मोरचूद वापरतात. त्यातले तांबे अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पाडते, तेव्हा त्याची भांडी आणि पंप खांबांपासून दूर ठेवावेत.

उन्हाळ्याची चिंता अनेक जण करतात. भुसावळचा मे महिना कितीही कडक असला, तरी साधारण ८० अंशांपर्यंत या मिश्रधातूंची ताकद घटवून धरावी लागत नाही. चिंता करायची ती वळवाच्या वाऱ्याची. त्या दिवसांत केळीच्या बागा आडव्या झालेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. वाऱ्याचा वेग सेकंदाला ४० मीटर धरला, तर दाब चौरस मीटरला ९६० न्यूटन, म्हणजे जवळपास ९८ किलो येतो. तो खांबाला बाजूने वाकवतो, आणि छपराखाली शिरला तर हलकी शेड उचलूनही धरतो. म्हणून उभ्या भाराला ५० ची नळी कशीबशी पुरत असली, तरी मी ७५ चीच घेईन. जमिनीत रोवायच्या खुंट्यांचा हिशेबही वेगळा करावा लागेल. या कामासाठी आयएस ८१४७ ही १९७६ ची भारतीय संहिता आहे. लोखंडाची आयएस ८०० इथे लावू नये.

तापीकाठचा फॅब्रिकेटर

सर, ताई आणि दादा, तिघांचेही मनापासून आभार. कर्णबंध नव्हते, हा सरांचा अंदाज बरोबर आहे. माळा चार बाजूंनी तुळयांनी बांधला, म्हणजे तो पक्का झाला, अशी माझी समजूत होती.

आठ दिवसांनी पुन्हा लिहितो आहे. उरलेल्या नळीतला ३ मीटरचा एक खांब घेऊन त्याच प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या शिक्षकांनी लोडिंग फ्रेममध्ये दोन्ही टोकांना गोलाकार बैठक बसवून दिली, भोवती साखळी लावली आणि जॅकने भार दिला. आधी दोरी ताणून पाहिली, तर मध्यावर एका बाजूला ३ मिमी बाक होता. व्हर्नियरने जाडी ३ ऐवजी सरासरी २.८५ मिमी भरली. ६ किलोन्यूटनला मध्याचा बाक २.० मिमीने वाढला, ८ ला ३.३, १० ला ५.८ आणि १२ ला ११.२ मिमीने. त्यानंतर आम्ही भार उतरवला आणि खांब पुन्हा मूळच्या जागी आला. बाराव्या किलोन्यूटनला उघड्या डोळ्यांनी दिसणारी कमान भार उतरताच नाहीशी होते, हे मी पहिल्यांदाच पाहिले. दुसऱ्या दिशेचे गेज जवळपास हललेच नाही.

नवा नमुना ७५ च्या नळीचा करतो आहे. त्यात तीन बाजूंना कर्णबंध, माळ्याला फुलीचा बंध आणि बुडाला वेल्डऐवजी आतला ठोकळा व बोल्ट असतील. सरांनी या नोंदींवरून आलेख तपासून सांगितल्यास मोठी मदत होईल.

प्रयोगशाळेतला जुना माणूस

नोंदी उत्तम घेतल्या आहेत. बाक भागिले भार केले, तर ०.३३३, ०.४१३, ०.५८० आणि ०.९३३ असे आकडे मिळतात आणि चारही बिंदू एका रेषेवर जवळजवळ बिनचूक बसतात. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूवरून उतार ०.०६५२ येतो, म्हणजे क्रांतिक भार १५.३ किलोन्यूटन. तुम्ही मोजलेली २.८५ मिमी जाडी ऑयलरच्या सूत्रात घातली, तरी उत्तर १५.३ च येते. तीच रेषा मागे वाढवली, तर खांबाचा मूळचा बाक ३.१ मिमी निघतो. तुमच्या दोरीने तो ३ दाखवला होता.

जाडीतला ०.१५ मिमीचा फरक पुरवठादाराला जरूर दाखवा आणि ७५ ची नळी आली, की प्रत्येक खांबाची जाडी व बाक मोजून त्यावर खडूने लिहून ठेवा. सर्वात वाकडा असेल तोच खांब चाचणीला न्या. तुळईशी होणारी जोडणीही या वेळी प्रत्यक्ष लागणार आहे तशीच ठेवून बघा. तिच्या नोंदी इथे टाका, मी वाट पाहतो आहे.